जुळे सोलापूर, नवी खोली: भिंतीत कंपोनंट टाकू की एचडीएमआय?

जुळेसोलापूरकर

नमस्कार मंडळी. पहिल्या मजल्याचं बांधकाम चालू आहे. स्लॅब झाला, वीटकाम झालं, प्लास्टर पुढच्या आठवड्यात. १२ बाय २० फुटांची एक खोली सिनेमासाठी ठेवली आहे, उंची १० फूट, छताला पीओपी होणार. पडदा ११० इंची. प्रोजेक्टर १०८०पीचा, त्याला दोन एचडीएमआय, एक कंपोनंट (हिरवा-निळा-लाल) आणि एक व्हीजीए. तो मागच्या भिंतीजवळ टांगायचा आणि रिसिव्हर (सगळे डबे ज्याला जोडायचे आणि जो स्पीकर चालवतो तो) पडद्याखाली कोपऱ्यात ठेवायचा असा विचार आहे. म्हणजे वायर १२ मीटरच्या आसपास जाते.

जोडायच्या वस्तू: स्ट्रीमिंग स्टिक, डीटीएचचा एचडी बॉक्स, २०१२चा ब्लू-रे प्लेअर आणि फक्त कंपोनंट असलेला जुना डीव्हीडी प्लेअर.

इलेक्ट्रिशियन म्हणतो, "एचडीएमआय ५ मीटरच्या पुढं चालत नाही मालक, कंपोनंटच्या तीन आरसीए वायरी टाकून घ्या, परत बघायला नको." नवी पेठेतल्या दुकानदाराचं म्हणणं उलट: सोन्याचा मुलामा दिलेली, "२.१ व्हर्जन"ची १५ मीटर एचडीएमआय घ्या, रंग खुलतील. २५ मिमीचा पाइप आणून ठेवला आहे. कुणाचं ऐकू?

पडदेवाला

दोघांचंही अर्धं अर्धं.

वायर निवडण्याआधी प्रत्येक डब्याची मागची बाजू बघा. स्टिकला एचडीएमआयशिवाय दुसरं तोंडच नाही. डीटीएचच्या बॉक्सला एचडीएमआय आणि फार तर पिवळा-पांढरा-लाल एव्ही असतो. त्यातला पिवळा म्हणजे कंपोझिट, त्यातून ५७६आयच (५७६ रेघा, अर्ध्या-अर्ध्या पाठवलेल्या, जुन्या टीव्हीसारख्या) येणार. आता ब्लू-रे. त्याला कंपोनंटची भोकं असली तरी उपयोग नाही. ब्लू-रेच्या डिस्कवर एएसीएस नावाचं, नक्कल होऊ न देणारं कुलूप असतं आणि त्याच्या परवान्यात अट आहे: ३१ डिसेंबर २०१०नंतर बनलेल्या प्लेअरनं अशा डिस्कचं चित्र अॅनालॉग तोंडातून ४८०आय किंवा ५७६आयपेक्षा वर द्यायचं नाही. २०१३ संपल्यावर तर अॅनालॉग तोंड देणंच बंद झालं. तुमचा प्लेअर २०१२चा, म्हणजे कंपोनंटवर लावलात तर ब्लू-रेची डिस्क घालून डीव्हीडीएवढंच चित्र बघाल. वायर कितीही चांगली घ्या, प्लेअर आतूनच कमी करून पाठवतो.

उरला डीव्हीडी प्लेअर. एकट्या त्याच्यासाठी भिंतीत तीन वायरी गाडायच्या का? तो रिसिव्हरशेजारीच ठेवा आणि दीड मीटरच्या कंपोनंट वायरनं रिसिव्हरला जोडा. रिसिव्हर अॅनालॉगचं एचडीएमआय करून पुढं देत असेल (मेनूत "व्हिडिओ कन्व्हर्जन" असं काही असतं) तर काम झालं. नसेल तर कंपोनंट आणि डाव्या-उजव्या आवाजाचं एचडीएमआय करणारी ५ व्होल्टची छोटी डबी मिळते. डीव्हीडीच्या मेनूत "प्रोग्रेसिव्ह" (सगळ्या रेघा एकदम) चालू करा, नाहीतर ५७६आयच बाहेर पडेल आणि हलत्या कडांना कंगव्याचे दाते दिसतील.

म्हणजे छतातून प्रोजेक्टरपर्यंत एचडीएमआयच.

आता "५ मीटरच्या पुढं चालत नाही" हे. कुठला सिग्नल, त्यावर ते ठरतं. १०८०पी ६०ला (सेकंदाला ६० चित्रं) दर सेकंदाला ४.४६ गिगाबिट लागतात. ४के ३०ला ८.९१, आणि ४के ६० पूर्ण रंगांत १७.८२. साधी तांब्याची, जाड गेजची (२४ एडब्ल्यूजी) चांगली केबल १०८०पी १० मीटर सहज नेते, १५लाही बहुतेक वेळा नेते. तीच केबल ४के ६०ला ७-८ मीटरवर मान टाकते. इलेक्ट्रिशियनचा अनुभव बारीक, स्वस्त केबलचा असणार, तिच्याबाबत तो खरं बोलतोय.

आणि दुकानदाराचं "२.१ व्हर्जन". व्हर्जन यंत्राला असतं. केबलला वर्ग असतो: हाय स्पीड (१०.२ गिगाबिट), प्रीमियम हाय स्पीड (१८), अल्ट्रा हाय स्पीड (४८). खोक्यावर स्कॅन करता येणारं प्रमाणपत्राचं लेबल आहे का ते बघा. १५ मीटरची साधी तांब्याची केबल ४८ गिगाबिट नेते असं कुणी म्हणालं तर हसून पुढच्या दुकानात जा. सोन्याच्या मुलाम्यानं तोंड गंजत नाही एवढाच फायदा. डिजिटलमध्ये रंग "खुलत" नाहीत. आकडे पोचले तर चित्र जसंच्या तसं, नाही पोचले तर ठिपके नाहीतर काळा पडदा.

आरजीसिक्स_अण्णा

पडदेवाला दादांशी निष्कर्षाला सहमत. पण अॅनालॉगला उगाच वाईट म्हणायला नको, कारण इथं अजून पुष्कळांकडे जुनी वायर भिंतीत पडून आहे.

कंपोनंट वाईट दिसतं ते बहुतेक वेळा वायरीमुळं, पद्धतीमुळं नाही. बाजारातली लाल-निळी-हिरवी चपटी वायर बहुधा ७५ ओहमची (चित्राच्या सिग्नलला लागणाऱ्या मापाची) नसतेच. त्याऐवजी आरजी-६ कोअॅक्स घ्या, डीटीएचला लावतात तीच, आणि कॉम्प्रेशनचे आरसीए कनेक्टर दाबून लावा. १२ मीटरवर १०८०आयचं नुकसान १ डेसिबलच्याही आत राहतं, डोळ्याला कळत नाही. तिन्ही तुकडे एकाच ड्रममधून सारख्या लांबीचे कापा. आरजी-६मध्ये सिग्नलला मीटरमागे ४ ते ५ नॅनोसेकंद लागतात आणि १०८०आयचा एक पिक्सेल साधारण १३.५ नॅनोसेकंदांचा. म्हणजे एखादी वायर ३ मीटर लांब राहिली की रंग एका पिक्सेलनं सरकला. वीतभर फरकानं काही होत नाही.

कंपोनंटचा दोष चित्रावरून ओळखता येतो, ही त्याची मोठी सोय. हिरवी (वाय) सुटली तर चित्रच नाही, कारण सिंक (चित्र जागेवर धरणारा इशारा) तिच्यातून जातो. फक्त हिरवी लागली आणि बाकी दोन सुटल्या तर कृष्णधवल. निळी-लाल उलटसुलट झाली की माणसांचे चेहरे निळे. वस्तूच्या उजव्या कडेला फिकट सावली दिसली तर ७५ ओहमची गडबड: चुकीची वायर, किंवा मध्ये कुणीतरी सोल्डर करून जोड दिलाय.

व्हीजीएचं नाव काढलंय म्हणून: जुन्या लॅपटॉपपुरतं ठीक. १० मीटरच्या स्वस्त व्हीजीएवर १०८०पीची अक्षरं पुसट दिसतात. भिंतीत टाकू नका.

एचडीएमआयमध्ये नसलेला कंपोनंटचा एक गुण म्हणजे हातमिळवणी लागत नाही. प्लग घातला की चित्र. एचडीएमआयला आधी प्रोजेक्टरची माहिती वाचायची, मग एचडीसीपीचं (एचडीएमआयवरची नक्कल रोखणारं) कुलूप जुळवायचं, मग चित्र. चालू करताना ५-६ सेकंद काळा पडदा दिसतो तो त्याचा. पण स्टिकचं एचडीएमआय कंपोनंटमध्ये बदलायच्या नादाला लागू नका. रीतसर कन्व्हर्टर एचडीसीपी असलेलं चित्र पुढं देत नाही, आणि सिनेमाच्या बहुतेक अॅपना ते कुलूप असतंच.

जुळेसोलापूरकर

मनापासून धन्यवाद दोघांना. म्हणजे १५ मीटरची जाड तांब्याची एचडीएमआय घेऊन २५ मिमीच्या पाइपात टाकतो. पुढं कधी ४के प्रोजेक्टर आला तर तेव्हा बघू. बरोबर ना? की कॅट-६ टाकून दोन्ही टोकांना डबी लावावी?

तारओढ्या

थांबा, थांबा. "तेव्हा बघू" म्हणताय, पण २५ मिमीच्या पाइपात तेव्हा बघता येणार नाही. एचडीएमआयचं धातूचं तोंड १३.९ मिमी रुंद, पण प्लास्टिकच्या आवरणासकट प्लग २० मिमीच्या घरात जातो. २५ मिमीचा पाइप आतून २२च्या आसपास. सरळ पाइपात सरकेल, पहिल्याच बेंडला अडकेल. मिस्त्री मग जोर लावून ओढतो, प्लगच्या मागची तार आत तुटते, आणि ते कळतं पीओपी झाल्यावर.

४० मिमीचा पाइप घ्या. एल्बो नको, लाँग बेंड. दोन बॉक्सच्या मध्ये ९० अंशाची दोनच वळणं, तिसरं आलं तर मध्ये पुल बॉक्स द्या आणि पीओपीत त्याला झाकण ठेवा. भिंतीत झिरी मारताना खोली आधीच मोजा: ४० मिमी पाइपवर प्लास्टर धरायला हवं, आणि ४ इंची भिंतीत एवढी खोल झिरी मारली तर भिंत कमजोर होते. ती ६ किंवा ९ इंची भिंतीत घ्या, नाहीतर पाइप बाहेरून आणून वर प्लायचा खोका करा. विजेच्या पाइपापासून समांतर जाताना फूटभर अंतर, ओलांडायचंच असेल तर काटकोनात.

पाइपात नायलॉनची दोरी आत्ताच टाकून दोन्ही टोकं बॉक्सला बांधा. केबल ओढताना दुसरी दोरी सोबत बांधून न्या, म्हणजे पुढच्या वेळेला दोरी आत असेल. ओढायचा जोर प्लगवर येऊ द्यायचा नाही. दोरी केबलच्या अंगाला, प्लगच्या मागं फूटभर, टेपनं गुंडाळून बांधा, प्लगला टोपी घाला आणि वरून टेप. एक माणूस ओढायला, एक ढकलायला. कोरडा टाल्कम पावडर पुरतो. तेल, ग्रीस अजिबात नको, आवरण फुगतं.

आता लांबी. प्रोजेक्टर मागच्या भिंतीला का टांगताय? ११० इंची पडद्याची रुंदी २.४४ मीटर. प्रोजेक्टरचा थ्रो रेशो (पडद्यापासूनचं अंतर भागिले पडद्याची रुंदी) १.५ धरला तर भिंग पडद्यापासून ३.६६ मीटरवर, म्हणजे बरोबर १२ फुटांवर लागतं. मागच्या भिंतीजवळून, म्हणजे पडद्यापासून १८ फुटांवरून मारायचं तर रेशो २.२५ लागेल, घरगुती प्रोजेक्टरमध्ये तो क्वचित मिळतो. आधी तुमच्या प्रोजेक्टरच्या पुस्तकात आकडा बघा, मग पाइप.

आणि रिसिव्हर पडद्याखालीच हवा असं कुठं आहे? बाजूच्या भिंतीला, प्रोजेक्टरच्या रेषेत ठेवा. हिशोब बघा: टेबलापासून छत २.४, मधोमध यायला १.८, खाली ०.४, दोन्हीकडे सैल सोडायला १.५. एकूण ६.१ मीटर. पडद्याखाली कोपऱ्यात ठेवलात तर यात छतावरचे ३.६ मिळवा, ९.७ झाले. स्पीकरच्या वायरी लांबतील, पण स्पीकरची वायर लांबली तर फक्त तांब्याचे पैसे जातात, चित्र जात नाही. ८ ओहमच्या स्पीकरला १० मीटरपर्यंत १.५ चौरस मिमीची वायर पुरते.

६.१ मीटरला ७.५ मीटरची प्रीमियम हाय स्पीड तांब्याची केबल चालते, ४के आलं तरी आशा आहे. जागा हलवायची नसेल आणि १० मीटरच्या वर जात असाल, तर अॅक्टिव्ह ऑप्टिकल (काचेच्या तंतूची एचडीएमआय). तिची जाडी बोटभरही नसते, १८ गिगाबिट १५-२० मीटर आरामात नेते. काहींचं डोकं सुटं होतं, आत लहान मायक्रो एचडीएमआयचं तोंड असतं, ती बारीक पाइपातूनही जाते.

कॅट-६वरची एचडीबेसटीची जोडी (नेटवर्कच्या वायरीतून एचडीएमआय नेणाऱ्या दोन डब्या) चांगली चालते, १०८०पी १०० मीटरपर्यंत. पण एका खोलीसाठी दोन डब्या, त्यांचे अॅडॉप्टर आणि पीओपीत तापणारी प्रोजेक्टरकडची डबी, एवढा खटाटोप कशाला? दुसऱ्या मजल्यावर न्यायचं असतं तर वेगळं. तरी ४०च्या पाइपात एक कॅट-६ टाकून ठेवा. प्रोजेक्टरला नेटवर्क लागतं, आणि पडदा खालीवर करायच्या ट्रिगरलाही त्यातल्या दोन तारा वापरता येतात.

विजापूरवेस

अर्थिंगचं कुणीच बोललं नाही. सोलापुरात हा भाग सोडून चालत नाही.

उन्हाळा संपताना वळवाचा पाऊस विजांसकट येतो, लाइट जाते, येते, आणि परत येताना झटका देते. यंत्रमागांच्या भागात तर मोटरी चालू-बंद होताना दिवसभर व्होल्टेज खालीवर. लांब तांब्याची एचडीएमआय दोन यंत्रांची अंगं एकमेकांना जोडते. रिसिव्हर एका सर्किटवर आणि प्रोजेक्टर दुसऱ्यावर असेल तर दोघांच्या अर्थमधला फरक त्या केबलमधूनच वाट काढतो, आणि बळी जातो तो एचडीएमआयच्या पोर्टचा. ५ व्होल्टची आणि माहिती वाचायची तार फार नाजूक. पोर्ट मेला की रिसिव्हरचा बोर्डच बदलावा लागतो.

म्हणून प्रोजेक्टरचा प्लग छतात वेगळ्या लायटिंगच्या सर्किटवर देऊ नका. रिसिव्हरच्याच सर्किटवरून, त्याच अर्थवरून ३-पिन वर न्या. मेन बोर्डाला सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस (झटका अर्थमध्ये वळवणारं) बसवा. हे डिव्हाइस अर्थ चांगली असेल तरच काम करतं. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि इलेक्ट्रोडपासून सुटते, तेव्हा अर्थच्या खड्ड्यात पाणी घालायची सवय ठेवा आणि पावसाळ्याआधी मोजून घ्या. डीटीएचची छत्री गच्चीवर असणार. तिच्या कोअॅक्सचं आवरण घरात शिरताना ग्राउंड ब्लॉकनं घराच्याच अर्थला जोडा. वीज कडकडायला लागली की कोअॅक्सचा स्क्रू सोडून ठेवणं हाच खात्रीचा उपाय.

अण्णांच्या कंपोनंटला पुरवणी: चित्रावर हळू वर सरकणारा फिकट आडवा पट्टा दिसला तर तो दोन अर्थमधला गुंता. पुष्कळ वेळा डीटीएचच्या कोअॅक्समधून येतो. ती काढून बघा, पट्टा गेला तर कारण सापडलं. पट्टा घालवायला ३-पिनची अर्थची पिन मोडणारे इलेक्ट्रिशियन आहेत. ते करू देऊ नका, यंत्राचं अंग जिवंत राहू शकतं. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवरही अॅनालॉग चित्रात रेघा आणि स्पीकरमध्ये गुणगुण येते, साइन वेव्ह घ्या.

ऑप्टिकल केबल घेतली म्हणजे हा सगळा प्रश्न मिटला असंही नाही. बऱ्याच ऑप्टिकल एचडीएमआयमध्ये चित्र काचेच्या तंतूतून आणि बाकीच्या संथ तारा तांब्याच्याच असतात. शिवाय तिच्या दोन्ही प्लगांत चिप असतात. प्रोजेक्टरची गरम हवा त्याच बाजूनं बाहेर पडत असेल तर मे महिन्यात, खोलीच तापलेली असताना, तासाभरानं चित्र जायला लागतं. प्लग आणि हवेच्या झडपेत अंतर ठेवा.

पडदेवाला

तारओढ्या भाऊंचं रिसिव्हर बाजूला न्यायचं मला पटलं. सगळ्यात स्वस्त सुधारणा तीच.

प्लास्टर आणि पीओपीच्या मध्ये तपासणी मात्र चुकवू नका. केबल जमिनीवर असताना आधी जोडून बघा, मग पाइपात ओढल्यावर परत. दोन्ही वेळा सगळ्यात जड सिग्नल द्या. स्टिकच्या मेनूत रिझोल्युशन "ऑटो"वर ठेवू नका, १०८०पी ६० हातानं निवडा. ४केची केबल असेल तर कुणाचा ४के टीव्ही वर आणून ४के ६०वर बघा, नाहीतर दोन वर्षांनी कळेल. अर्धा तास चालू ठेवा, दोन-चार वेळा केबल हलवा.

गडद दृश्यात पांढरे चमकते ठिपके दिसले तर केबल काठावर आहे, ती परत करा. "थोडेच आहेत" म्हणून ठेवू नका, गरमीत वाढतात. दर काही मिनिटांनी दोन सेकंद काळं होऊन चित्र परत येत असेल तर तेही बहुधा केबलच. चित्र ठणठणीत पण सगळं गुलाबी किंवा हिरवं, तर केबलवर राग काढू नका, आरजीबी आणि वायसीबीसीआर या रंग पाठवायच्या दोन पद्धतींची निवड दोन्ही टोकांना वेगळी पडली आहे. आणि स्टिक थेट प्रोजेक्टरला चालते पण रिसिव्हरमधून "सामग्री दाखवता येत नाही" म्हणते, तर रिसिव्हर एचडीसीपी २.२च्या आधीचा असणार. १०८०पीला बहुतेक अडत नाही, ४केला अडतं.

जुळेसोलापूरकर

पुस्तकात थ्रो रेशो १.४७ ते १.७७ लिहिलाय, म्हणजे प्रोजेक्टर पुढं येणारच. रिसिव्हर उजव्या भिंतीला, ४०चा पाइप, दोन लाँग बेंड. २५चा पाइप स्पीकरच्या वायरींना वापरतो. शेवटचं एकच: पुढं ऑप्टिकल घ्यायची वेळ आली तर ओढताना काही वेगळी काळजी?

तारओढ्या

ऑप्टिकलला दिशा असते. एका प्लगवर "सोर्स" आणि दुसऱ्यावर "डिस्प्ले" छापलेलं असतं. सोर्स रिसिव्हरकडे, डिस्प्ले प्रोजेक्टरकडे. उलटी ओढली तर चित्र येतच नाही आणि सगळी परत काढावी लागते. म्हणून पाइपात घालायच्या आधी दोन्ही टोकांना रंगीत टेप लावा आणि मिस्त्रीला ती दाखवा. ५ सेंमी त्रिज्येपेक्षा घट्ट वळवू नका, उरलेली वायर करकचून बांधू नका, मोठा वेढा करून खोक्यात ठेवा.

उजव्या भिंतीत खिडकी आहे का? असेल तर झिरी लिंटेलमधून (खिडकीवरच्या काँक्रीटच्या पट्ट्यातून) मारू देऊ नका. पाइप खिडकीच्या बाजूनं वर न्या आणि लिंटेल संपल्यावर मध्ये वळवा.